दुहेरी खूण

यमुना खिलारेला पुण्याहून फोन आला तेव्हा ती मिरजेच्या एसटी स्थानकावर गाडीच्या पायरीवर बसून डबा खात होती. साल होतं २०३८. गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या, तिकिटं लोक फोनवरच काढत होते, आणि कंडक्टर हवाच कशाला असं दर वर्षी कुणीतरी वरून विचारत होतं. पण सांगोला–मिरज गाडीत चढणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोनपेक्षा यमुनाच्या हाताचा भरवसा जास्त, म्हणून तिची नोकरी टिकली होती.

फोनवरच्या बाईंनी आपण पेशीपेढीतून, म्हणजे माणसांच्या पेशी साठवणाऱ्या संस्थेतून बोलतोय असं सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी आगारातल्या शिबिरात यमुनाने रक्त दिलं होतं. अर्जावर त्या वर्षी एक नवा प्रश्न होता, तुमच्या रक्तावर अधिक तपासण्या केल्या तर चालेल का म्हणून. तिने चालेल अशी खूण केली आणि विसरून गेली. आता या बाई म्हणत होत्या की तुमच्या रक्तात विशेष काही सापडलंय, भेटायला याल का?

घास तोंडातच राहिला. रक्तात काही सापडलं हे वाक्य त्यांच्या घरात कधी चांगल्या बातमीसाठी आलं नव्हतं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. आईला सांगितलं, पुण्याला ड्यूटी लागलीय. लेक ईश्वरी परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला होती, तिलाही कळवलं नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे तिसरं कुणी विचारणारंही नव्हतं.

पेढीच्या प्रमुख डॉक्टर रुक्साना बागवान मूळच्या कराडच्या. बुटक्या, चष्मेवाल्या आणि सरळ मुद्द्यावर येणाऱ्या. यमुना खुर्चीत टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं, "यमुनाताई, तुमचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले का?"

यमुनाचा चेहरा पडला. जे झाकायला ती आयुष्यभर शिकली होती, तिथेच बाईंनी बोट ठेवलं होतं. तिने मान खाली घालून सांगितलं. वडिलांनी मामाची मुलगी केली होती. त्यांच्यात तशी रीतच होती, मामाच्या पोरीवर पहिला हक्क, मग आत्याच्या. थोरला भाऊ बिरुदेव धडधाकट निघाला. त्याच्या पाठीवर शिदा आणि गंगू झाली, आणि दोघंही तीन वर्षांची व्हायच्या आत गेली. अंगात रक्तच बनत नव्हतं. पांढरीफटक पडत गेली. गंगूच्या वेळी तालुक्याच्या एका डॉक्टरने सगळ्या रांगेसमोर आईला झापलं होतं, की रक्तात रक्त कालवलंत आणि पोरं मारलीत. तेव्हापासून आईने आपण होऊन दवाखान्याची पायरी चढली नव्हती. कुणाच्या बारशालासुद्धा ती जात नसे.

ते वाक्य ऐकतच यमुना वाढली. म्हणून तर गेल्या वर्षी बिरुदेवाने आपल्या मुलासाठी, मल्लेशसाठी ईश्वरीला मागणी घातली तेव्हा तिने सुपारीच्या बैठकीतच, सत्तर माणसांत, नाही म्हणून सांगितलं. बिरुदेव पुढ्यातल्या ताटाला हात न लावता उठला. तेव्हापासून भाऊबहिणीत बोलणं नव्हतं.

डॉक्टर बागवान सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "त्या डॉक्टरला अर्धंच ठाऊक होतं. उरलेलं अर्धं मी सांगते."

मग त्यांनी तिला भिंतीवरच्या पडद्यावर एक पेशी दाखवली. आपलं सगळं शरीर एकाच पेशीपासून सुरू होतं, त्या सांगत होत्या. त्या पहिल्या पेशीत माणूस घडवायचा अख्खा ग्रंथ असतो, आणि पुढे होणाऱ्या जवळपास प्रत्येक पेशीला त्याची पूर्ण प्रत मिळते. पण कातडीची पेशी झाली की ती कातडीचीच पानं उघडी ठेवते, बाकीची जणू शिवून टाकते. हृदयाची पेशी हृदयाची पानं वाचते, डोळ्याची डोळ्याची. पूर्वी वाटायचं की हे शिवण कायमचं. एकदा कातडी ती मरेपर्यंत कातडी. मग या शतकाच्या सुरुवातीला जपानात प्रयोग झाले आणि कळलं की निवडक चार जनुकं पेशीत काही दिवस जागी ठेवली, तर ती हे टाके हळूहळू उसवतात. दोन-तीन आठवड्यांत पेशी आपला धंदा विसरते. कातडी होतो हे तिला आठवत नाही. ती जन्माच्याही आधीच्या दिवसांत परत जाते, काहीही होऊ शकणारी मूळ पेशी बनते. तिथून तिला नव्याने शिकवायचं, की तू आता हृदय हो, तू मेंदू हो, तू डोळ्याचा पडदा हो.

"मग ज्याची त्याची पेशी घिऊन ज्याला त्याला दुरुस्त करायचं," यमुना म्हणाली.

तसं करता येतं, पण एकेका माणसासाठी वर्ष जातं, आणि इतक्या प्रयोगशाळा या देशात कुठे आहेत, डॉक्टर म्हणाल्या. त्यापेक्षा थोड्या माणसांच्या पेशी तयार करून ठेवाव्यात आणि त्या पुष्कळांना द्याव्यात. अडचण एकच. प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात, एक संच आईकडून आलेला आणि एक बापाकडून. शरीरातले पहारेकरी या खुणा तपासत फिरतात. अनोळखी खूण दिसली की तुटून पडतात. बहुतेकांच्या अंगावर दोन वेगवेगळे संच असतात, म्हणून एकाची पेशी दुसऱ्याला सहसा चालत नाही.

"तुमच्या आईबापांना त्यांच्या सामाईक पूर्वजांकडून एक संच सारखाच मिळाला होता. तुमच्या वाटणीला दोघांकडूनही नेमका तोच आला. तुमच्यावर दोन्हीकडून एकच खूण आहे. आणि ती खूण महाराष्ट्रात पुष्कळ पसरलेली आहे, सगळ्या जातींत, सगळ्या धर्मांत. ज्याच्या अंगावर ती एकदा जरी असेल, त्याचे पहारेकरी तुमच्या पेशीला घरचंच समजतील."

यमुना धनगराची पोर. मेंढरं वाड्यात शिरताना कुत्री कशी पाठीवर लाल पट्टा असलेलं मेंढरू मुकाट्याने आत घेतात आणि परक्या कळपातल्यावर धावून जातात, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तिला फार समजवावं लागलं नाही. तिने एवढंच विचारलं, की मग शिदा आणि गंगू?

डॉक्टरांनी ते झाकलं नाही. जवळच्या लग्नात आईबापांकडून येणारी जनुकं, चिठ्ठ्याच म्हणा, सारखी जुळायची शक्यता वाढते, त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठ्या बऱ्याही असतात, वाईटही. त्या दोघांना रक्ताच्या आजाराची चिठ्ठी दोन्हीकडून गेली. तुमच्या रक्तात ती एकदाही नाही, आम्ही बघितलं. यात तुमच्या आईचा दोष नाही, कारण कुणाजवळ काय आहे हे तिला दिसत नव्हतं.

यमुनाने सही केली. दंडातून चमचाभर रक्त गेलं. एवढंच तिचं दान.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं तेव्हा धोंडाबाई लसूण सोलत होत्या. सत्तरी ओलांडलेली, वाळक्या काटकीसारखी बाई. त्या सोलतच राहिल्या. गड्डा संपल्यावर म्हणाल्या, की म्हंजी त्यो डाक्टर खोटं बोलला? यमुनाला हो म्हणणं सोपं होतं. तिने ते म्हटलं नाही. ती म्हणाली, जवळच्या नात्यामुळं झालं हे खरं, तू पोरं मारलीस हे खोटं. आणि त्याच नात्यातून मी अशी झाले, हेही खरंच.

धोंडाबाई लसणाची टरफलं गोळा करून उठल्या. पण दीड वर्षाने, पेढीने यमुनाला तिच्या पेशी बघायला बोलावलं तेव्हा त्या आपण होऊन नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. पुण्याला यायचंय, म्हणाल्या.

प्रयोगशाळेत एका मुलीने त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. काचेच्या बशीत यमुनाच्या रक्तापासून बनवलेल्या हृदयाच्या पेशी होत्या. लाखभर पेशी एकमेकींना धरून एकदम आकसत होत्या, सैल होत होत्या, परत आकसत होत्या. शरीर नाही, छाती नाही, तरी ठोका मात्र अगदी नियमित. धोंडाबाई मिनिटं न् मिनिटं हलल्या नाहीत. त्या मुलीला वाटलं आजींना दिसत नाहीये. ती चाक फिरवायला पुढे झाली तर आजींनी तिचा हात बाजूला केला.

"चालू हाय," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, माज्या लेकीचं काळीज बघून आले. ती बाई घाबरून बाजूला सरकली. यमुनाला हसू आवरेना, आणि हसताहसताच डोळ्याला पदर लावावा लागला.

पुढची तीन वर्षं यमुना गाडीवर होती आणि तिच्या पेशी पुण्यात वाढत होत्या. त्यांना रोज ताजं अन्नद्रव्य द्यावं लागे, दिवाळीलाही आणि मतदानालाही. त्यांतल्या काहींना डोळ्याच्या पडद्यामागचा थर व्हायला शिकवलं गेलं. त्या हळूहळू काळसर झाल्या, षटकोनी झाल्या, एकमेकींना लागून फरशीसारख्या बसल्या. नखापेक्षाही लहान असा तो ठिगळाचा तुकडा म्हाताऱ्या डोळ्यांत बसवायच्या परवानग्या आल्या, पहिले रोगी झाले, त्यांतले बहुतेक सुधारले. पेढीच्या वहीत यमुनाचं नाव नव्हतं, एक आकडा होता. दात्याचं नाव पेढी कुणाला सांगत नसे. दात्याने स्वतः सांगायचं तर त्याची मर्जी. यमुनाने आगारातसुद्धा सांगितलं नाही.

२०४३ च्या माघात मल्लेशचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. आत्या, म्हणाला, आबाची नजर गेली.

बिरुदेव अठ्ठावन्नचा झाला होता. दोनशे मेंढरं तो तोंडावरून ओळखायचा, एकेकीचं नाव घेऊन हाक मारायचा. आता बघेल त्याच्या मधोमध धुराचा गोळा दिसे. कडेचं दिसे, मधलं नाही. डोळ्याच्या पडद्यामागचा थर झिजला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की पुण्याच्या पेढीत तुमच्या खुणेला जुळणारं ठिगळ तयार आहे, पंधरा दिवसांत बसवू. आणि बिरुदेव नको म्हणून बसला होता. कुणाचं कोण जाणे, ते मी डोळ्यात घालून घेणार नाही.

डोळ्याची ठिगळं पेढी अजून फक्त तिच्याच पेशींची बनवत होती, हे यमुनाला ठाऊक होतं. तिने रात्रभर विचार केला नाही. तिने रजा टाकली आणि सकाळच्या गाडीने निघाली.

कडेगावच्या बाजूला कापणी झालेल्या शाळूच्या रानात मेंढरं बसवली होती. भर दुपार. बिरुदेव घोंगडीवर बसला होता. ती बांधावरून येताना त्याने मान तिरकी केली, कडेच्या नजरेने तिची चाल पाहिली आणि परत समोर बघत बसला. भावजयीने चहा ठेवला. यमुना त्याच्या समोर मातीतच बसली आणि का नको म्हणतोस ते विचारलं.

"कुनाचं मास हाय, ठावं न्हाय. जात न्हाय ठावं, गोत न्हाय ठावं."

"ठावं हाय," यमुना म्हणाली. "माजं हाय."

त्याने मान तिच्याकडे वळवली आणि तशीच ठेवली. तिने सगळं सांगितलं, रक्ताचं शिबिर, दुहेरी खूण, आईने बघितलेले ठोके. आपल्या खुणेचं मेंढरू कुत्रं आत घेतं, तसं आहे हे दादा, असंही सांगितलं. तो नीट ऐकत होता. आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला तसं तो काय म्हणणार हे यमुनाला कळलं.

"मंग जुनं लोक खरं ठरलं की. बानं मामाची पोरगी केली म्हनून तर तू अशी झालीस. सरकारनं तुजं रगात जपून ठेवलंय. आता का आडलंय तुजं? पोरगी दे."

चहा गार होत होता. सहा वर्षांनी बोलणाऱ्या भावाला हो म्हणून टाकावं, निदान बघू म्हणावं, डोळ्यांचं उरकून घ्यावं, असं कुणालाही वाटलं असतं. यमुनालाही क्षणभर वाटलं.

"शिद्याला तू पाठुंगळीला घिऊन हिंडायचास," ती म्हणाली. "आय सांगती. त्येला चालवंना म्हनून दिसभर खाली ठिवायचा न्हाईस."

बिरुदेवाने तिच्यावरून मान वळवली.

"आमी तिगं एकाच घरची, दादा. मी राहिले म्हनून माजं रगात पुण्याला हाय. ती दोगं गेली, त्येंला कोन बगतंय? आईबानं पाप केलं न्हाय, त्येस्नी कळतच न्हवतं. आपल्याला कळलंय. कळून सवरून केलं तर ती चूक आपली. तुज्या रगतात ती वाईट चिठ्ठी आसंल, मल्लेशच्या आसंल, आदी तपासून घे. आन् सोयरीक करायची तर लांबची कर. माजी पोरगी न्हाय मिळायची. डोळं माग, आत्ता देते. त्या दोन गोष्टी येगळ्या हायत."

बिरुदेवाने काठी जवळ ओढली. मग बिरुदेव म्हणाला, त्याचा आवाज आता निराळा होता, "सत्तर मानसांत न्हाय म्हनलीस. माजी मान खाली घातलीस."

"त्ये चुकलं माजं. आदी तुज्याकडं एकटीनं यायला पायजे हुतं."

तो उठला आणि काठी टेकत मेंढरांत निघून गेला. यमुना संध्याकाळच्या गाडीने परत आली. आईला म्हणाली, डोळे जातील त्याचे, पण मी खोटं बोलले नाही. धोंडाबाई म्हणाल्या, त्यो माजा ल्योक हाय, चार दिस लागतील. आठ लागले. नवव्या दिवशी मल्लेशने कळवलं की आबा पुण्याच्या दवाखान्यात भरती झालाय, आणि दोघांनी तपासणीसाठी रक्तही दिलंय.

शस्त्रक्रिया तासाभरात उरकली. पट्टी सुटायची होती त्या दिवशी यमुना आईला घेऊन गेली. एकाच तुकडीतली ठिगळं त्या आठवड्यात तिघांना बसवली होती, आणि तिघंही एकाच खोलीत होते. देवरुखचे निवृत्त शिक्षक पित्रे गुरुजी, भंडाऱ्याच्या टसर रेशीम विणणाऱ्या कुंभलकरबाई आणि बिरुदेव.

डॉक्टर बागवान स्वतः आल्या. नजर एकदम येणार नाही, महिने लागतील, आज थोडा फरक वाटला तरी पुरे, असं त्यांनी तिघांनाही बजावलं. बिरुदेवाच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. तो खूप वेळ डोळ्यांची उघडझाप करत राहिला. मग त्याने समोर पाहिलं. तिरकं नाही, सरळ. धूर होता, पण पातळ झाला होता, आणि त्यातून एक चेहरा वर येत होता.

"म्हातारी झालीस की गं यमे," तो म्हणाला.

यमुनाने हसून पदर सारखा केला. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून पित्रे गुरुजींनी डॉक्टरांना विचारलं, की ज्यांनी हे दिलं त्यांचे आभार तरी मानता येतील का? पेढी नाव सांगत नाही, असं डॉक्टर म्हणू लागल्या होत्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बिरुदेव खाटेवरून उतरला होता.

यमुनाने त्याची बाही धरली. त्याने ती सोडवून घेतली आणि एवढंच विचारलं, सांगू का? सहा वर्षांत त्याने तिच्याकडे मागितलेली ही पहिली परवानगी. तिने आईकडे पाहिलं. धोंडाबाई दाराशी स्टुलावर ताठ बसल्या होत्या, गर्दीच्या दवाखान्यात, पदर डोक्यावर नीट घेऊन. त्यांनी मान हलवली. मग यमुनानेही हलवली.

"गुरुजी," बिरुदेव म्हणाला, आणि रानात कळपाला हाक घालावी तसा त्याचा आवाज साऱ्या मजल्याला ऐकू गेला, "तुमच्या डोळ्यात हाय त्ये माज्या भनीचं हाय. ही बगा, ही यमुना. सांगोला आगारात कंडक्टर हाय. आन् ही आमची आय. बाई, तुमच्या डोळ्यातबी हिचंच हाय. रगताचं नातं झालं आता, म्हंजी तुमी आमचं पावणं. मेंढरं आषाढापातूर रानातच हायत. याला लागतंय."

कुंभलकरबाई चाचपडत उठल्या, धोंडाबाईंच्या पायाशी वाकल्या. गुरुजींनी आपण कोकणातून येताना काय काय आणू ते सांगायला सुरुवात केली. सांगायची मर्जी दात्याचीच, म्हणून डॉक्टर बागवानांनीही हसून मान डोलावली.

बिरुदेव परत खाटेवर टेकला. त्याने बहिणीला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, पण मिश्किल चेहऱ्याने म्हणाला,

"सोयरीक लांबची कर म्हनली हुतीस न्हवं? केली बग. एक देवरुख, एक भंडारा."